प्लंबिंगचं काम झाल्यावर नळाची धार मेली? भिंत फोडायच्या आधी एवढं बघून घ्या

घरात प्लंबिंगचं काही काम केलं, म्हणजे नळ बदलले, गिझर हलवला, जुनी लाइन काढून नवीन टाकली, बाथरूम पूर्ण फोडून नवीन केलं, आणि मग नळ सोडला तर पाणी येतंय पण जोर नाही, शॉवरखाली उभं राहिलं तर डोकं भिजायला वेळ लागतोय. अशा वेळी लगेच सल्ला मिळतो की प्रेशर कमी आहे, पंप लावून टाका. थांबा जरा. काम व्हायच्या आधी धार चांगली होती ना? मग टाकी काही खाली आलेली नाही आणि वरून येणारं पाणीही बदललेलं नाही. बदललं ते मधलं काहीतरी, आणि जे बदललं तिथेच दोष शोधायचा. पंप लावून अडथळ्यातून पाणी ढकलता येतं थोडंफार, पण अडथळा तसाच राहतो आणि नवीन सांध्यांवर उगाच ताण येतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, प्रेशर वेगळं आणि धार वेगळी. नळ बंद असताना पाण्याचा जो दाब असतो तो टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर ठरतो, १० मीटर उंचीला साधारण १ बार. म्हणजे शॉवरच्या वर ३ मीटरवर पाण्याची पातळी असेल तर तिथे जास्तीत जास्त ०.३ बार मिळणार, त्यात पाइप जाडा असो की बारीक. पण नळ उघडल्यावर मिनिटाला किती लिटर पाणी येणार हे वाटेत किती अडथळे आहेत त्यावर ठरतं. दाब पुरेसा असूनही वाटेत एक कचऱ्याचा तुकडा अडकला तर धार मरते. आणि हे ओळखायची सोपी खूण अशी की नळ उघडल्या उघडल्या क्षणभर जोरात पाणी येतं आणि मग लगेच बारीक होतं, असं होत असेल तर दाब आहे, वाट अडलीये. सुरुवातीपासूनच मरगळलेली धार असेल तर उंची, पंप, टाकीचा व्हॉल्व्ह किंवा लाइनमध्ये अडकलेली हवा, यातलं काहीतरी.

आता मोजायला घ्या. अंदाजाने 'कमी येतंय' म्हणून काही हाती लागत नाही. १० लिटरची बादली घ्या, मोबाइलवर वेळ लावा, एकेक नळ पूर्ण उघडून बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. ६० सेकंदात भरली तर मिनिटाला १० लिटर, १२० सेकंद लागले तर ५ लिटर. घरातल्या सगळ्या नळांचं असं करा, गार वेगळं, गरम वेगळं. जिथे बादली मावत नाही तिथे १ लिटरची बाटली धरा. हा कागद पुढे फार कामाला येतो, कारण दुरुस्ती करताना दर वेळी परत मोजायचं असतं की फरक पडला का नाही.

कागदाकडे बघितलं की अर्धं काम तिथेच होतं. एकाच नळाला कमी आहे तर दोष त्या नळात किंवा त्याच्या अँगल कॉकपर्यंतच्या (भिंतीतून लाइन बाहेर येते तिथला छोटा कॉक) भागात. एका बाथरूमच्या सगळ्या नळांना कमी पण स्वयंपाकघरात ठीक, तर त्या बाथरूमची फाटा लाइन किंवा तिचा कन्सील्ड (भिंतीत बसवलेला) कॉक. फक्त गरम पाणी सगळीकडे कमी, गार मस्त, तर गिझर आणि त्याचे व्हॉल्व्ह. सगळ्या घरातच कमी, तर टाकीचा आउटलेट, मेन व्हॉल्व्ह, फिल्टर बसवला असेल तर तो. आणि एक नळ चालू असताना ठीक पण दुसरा उघडला की पहिला मरतो, तर पाइपाचा साइज, त्याच्याकडे नंतर येतो.

सगळ्यात आधी नळाची जाळी काढा. एरेटर म्हणतात त्याला, नळाच्या तोंडाला बसवलेली गोल चकती. काम करताना लाइनमध्ये काय काय जातं याची कल्पना नसते लोकांना: टेफ्लॉन टेपचे धागे, पाइप कापताना पडलेला प्लास्टिकचा कीस, सिमेंटची खडी, वाळू, आणि जुनी लोखंडी लाइन असेल तर भिंतीवर हातोडा बसल्याने आतून सुटलेला गंज. हे सगळं पाण्याबरोबर वाहत वाहत पहिल्या अरुंद जागी जाऊन बसतं, आणि घरातली सगळ्यात अरुंद जागा म्हणजे ही जाळी. म्हणून नवीन काम झाल्यावर पाणी पहिल्यांदा सोडताना जाळ्या आणि शॉवरचं तोंड काढूनच ठेवायचं असतं, दोन चार मिनिटं पूर्ण जोरात पाणी वाहू द्यायचं, मग बसवायचं. बहुतेक ठिकाणी हे केलंच जात नाही.

जाळी काढायच्या आधी बेसिनच्या भोकावर बूच किंवा फडकं ठेवा, बारीक वायसर आत गेला तर परत मिळत नाही. हाताने फिरली नाही तर पान्ह्याच्या आणि जाळीच्या मध्ये कापड धरा, नाहीतर पॉलिश जातं. काही नवीन नळांत जाळी आत लपलेली असते, तिला नळाबरोबर प्लास्टिकची किल्ली मिळालेली असते, खोक्यात बघा. काढताना भाग कुठल्या क्रमाने होते त्याचा फोटो घ्या. मग जाळीशिवाय नळ सोडून मोजा. धार एकदम सुधारली म्हणजे दोष सापडला, जाळी उलटी धरून धुवा, दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा, पांढरा क्षार असेल तर व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा. धुऊनही कमीच येत असेल तर जाळीवर लिहिलेलं वाचा, पाणी वाचवणाऱ्या जाळ्या येतात ज्या मिनिटाला ठरावीक लिटरच सोडतात, हा आकडा बहुतेक वेळा कडेला छापलेला असतो. पाणी वाचतं ते चांगलंच आहे, पण अशा बऱ्याच जाळ्या जास्त दाबाच्या लाइनसाठी केलेल्या असतात, टाकीच्या कमी दाबावर त्यातून थेंब थेंब येतं. तिथे कमी दाबाची जाळी मागून घ्या.

जाळीने फरक नाही पडला तर तोंडाकडून भिंतीकडे एकेक पायरी मागे जायचं. हा क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरीला आपण एक भाग संशयातून काढून टाकतो. बेसिनखालचा अँगल कॉक बंद करा, नळाला जाणारा कनेक्शन पाइप नळाच्या बाजूने सोडवा, त्याचं तोंड बादलीत धरा आणि कॉक हळूहळू पूर्ण उघडा. पाणी भरपूर आलं तर दोष नळात, बहुतेक कार्ट्रिजमध्ये, म्हणजे नळाच्या आतल्या उघडबंद करणाऱ्या भागात, कचरा. कमी आलं तर कॉक बंद करा, पाइपच काढून टाका, आणि थेट कॉकमधून बादलीत बघा, पाणी अंगावर उडेल, टॉवेल घेऊन बसा. आता भरपूर आलं म्हणजे कनेक्शन पाइप दोषी. या पाइपांकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि घोळ तिथेच असतो पुष्कळदा: बाहेरून जाड दिसतात, आतली नळी मात्र बारीक असते, लांब पाइप घेऊन तो वळवून बसवला की आत मोडतो, बाहेरच्या जाळीमुळे दिसत नाही, आणि नट जास्त आवळला की आतला रबरी वायसर चेपून भोकात येतो. पाइप तोंडाला लावून फुंकून बघा, सहज हवा जायला पाहिजे. लांबी लागते तेवढीच घ्या आणि आतलं भोक बघूनच घ्या.

थेट कॉकमधूनही पाणी कमीच, तर अँगल कॉक स्वतः किंवा त्याच्या मागची लाइन. कॉक काढायला मेन व्हॉल्व्ह बंद करावा लागेल. काढला की त्याच्या आत बघा, काहींमध्ये छोटी जाळी असते आणि ती टेपच्या धाग्यांनी भरलेली असते. काढलाच आहे तर भिंतीतून उघडी लाइन क्षणभर सोडून फ्लश करा, एकजण मेन व्हॉल्व्हपाशी, एकजण इथे बादली घेऊन. जे बाहेर येईल ते बघून तुम्हालाच कळेल काम कसं झालंय.

मिक्सरचं थोडं वेगळं आहे. सिंगल लिव्हर मिक्सरच्या कार्ट्रिजमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकांवर सरकतात, वाळूचा एक कण आत गेला तरी धार कमी होते आणि लिव्हर करकरतो. गार आणि गरम दोन्ही बंद करून कार्ट्रिज काढा, वाहत्या पाण्याखाली धुवा, टोकदार काही घालू नका, चकतीला ओरखडा पडला की ती कायमची गळते. भिंतीवरच्या मिक्सरला, खास करून तापमान आपोआप राखणाऱ्याला, भिंतीला जोडणाऱ्या दोन्ही पायांत जाळ्या आणि एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) असतात, त्या साफ केल्याशिवाय नळाला दोष देऊ नका. शॉवरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा खटका, अर्धवट फिरलेला राहिला तरी पाणी खाली आणि वर वाटलं जातं. आणि मोठ्या छत्रीसारख्या शॉवरबद्दल स्पष्टच सांगतो, त्याला पाणीही जास्त लागतं आणि दाबही, पुष्कळांच्या खोक्यावर कमीत कमी दाब लिहिलेला असतो, ०.५ किंवा १ बार असा. वर ३ मीटरवर टाकी आणि हातात १ बारचा शॉवर, तर तिथे लाइन कितीही साफ केली तरी समाधान होणार नाही. शॉवर काढून नुसत्या पाइपातून पाणी मोजा, तिथे भरपूर असेल तर शॉवर बदला.

आता व्हॉल्व्ह. ऐकायला फालतू वाटेल पण काम झाल्यावर एखादा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा राहिलाय हे फार होतं. टाकीचा आउटलेट, मजल्याचा व्हॉल्व्ह, बाथरूमचा कन्सील्ड कॉक, गिझरखालचे दोन्ही, सगळे एकदा हाताने तपासा. दांडीवाला बॉल व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाइपाच्या दिशेत म्हणजे उघडा, पाइपाला काटकोनात म्हणजे बंद, तिरकी म्हणजे अर्धवट. गोल चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह मात्र फसवतो. वर्षानुवर्षं न हललेला तो व्हॉल्व्ह कामासाठी बंद केला आणि परत उघडताना आतला गेट दांड्यापासून सुटला, तर चाक फिरतं, वर येतं, आपल्याला वाटतं उघडला, आणि गेट खालीच. सगळ्या घराची धार कामानंतर अचानक मेली आणि असा व्हॉल्व्ह असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर. तो दुरुस्त करत बसू नका, बॉल व्हॉल्व्ह टाका, आणि त्याचं भोक पाइपाइतकं पूर्ण आहे ना ते बघा, स्वस्तातल्या बऱ्याच व्हॉल्व्हचं आतलं भोक पाइपापेक्षा लहान असतं.

एनआरव्ही नवीन बसवला असेल तर त्याच्यावरचा बाण पाण्याच्या दिशेत आहे का बघा. उलटा बसला तर पाणी येतच नाही किंवा कडेने थोडंसं झिरपतं. कमी दाबाच्या लाइनवर जड स्प्रिंगचा एनआरव्ही सरळ बसवूनही धार खातो.

फक्त गरम पाणी कमी असेल तर गिझरकडे वळा, पण आधी वीज बंद करा, नुसतं बटण नाही, मेन स्विच, आणि पाणी निवू द्या. गॅसचा असेल तर गॅसही बंद. गिझरच्या गार पाण्याच्या तोंडाशी एनआरव्ही किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, कचरा तिथे अडकतो. गार बाजूचा पाइप सोडवून बादलीत बघा, तिथेच कमी असेल तर दोष मागे आहे. तिथे भरपूर असेल तर तो व्हॉल्व्ह, मग टाकीतला क्षार, मग गरम लाइन, या क्रमाने. सेफ्टी व्हॉल्व्ह साफ करा किंवा बदला, पण धार वाढते म्हणून काढून टाकून गिझर कधीही चालवू नका, दाब वाढला तर टाकी फुटते आणि जीवावर बेततं. सगळं जोडल्यावर गरम नळातून सलग पाणी यायला लागलं की मगच वीज चालू करायची, रिकाम्या टाकीत कॉइल जळते. तात्काळ गरम करणारे गॅस गिझर धार एका मर्यादेखाली गेली की पेटतच नाहीत, त्यामुळे गिझर बिघडलाय असं वाटतं आणि खरा दोष पाण्याचा असतो.

हवा अडकणं. टाकीवरून उंचीच्या जोरावर पाणी येणाऱ्या घरात हा प्रकार खूप असतो, आणि लाइन रिकामी करून काम केलं की हमखास. पाइप दारावरून वर जाऊन परत खाली आला असेल तर त्या वरच्या वळणात हवा बसते, दाब कमी असला की पाणी तिला ढकलू शकत नाही. लक्षणं म्हणजे नळ फुसफुसतो, खोकल्यासारखं थांबून थांबून पाणी येतं, किंवा एका नळाला अजिबात येत नाही आणि बाजूच्याला ठीक. आधी टाकी पूर्ण भरा, मग घरातले सगळे नळ पूर्ण उघडा, सगळ्यात खालच्यापासून सुरू करून, आणि काही मिनिटं वाहू द्या. नाही गेली तर उलटं पाणी भरायचं: जिथे जोराचं पाणी आहे असा नळ, म्हणजे पंपाची लाइन किंवा थेट येणारी लाइन, आणि अडलेला नळ हे दोन स्वच्छ होज पाइपने जोडा, क्लॅम्प नीट आवळा, आधी अडलेला नळ उघडा, मग जोराचा. पाणी मागे चढत हवेला टाकीकडे ढकलतं. टाकीत थोडी जागा ठेवा, नाहीतर वरून ओसंडेल. मध्ये एनआरव्ही असेल तर हे जमणार नाही, गरम लाइनला गिझरच्या एनआरव्हीमुळे बहुतेक वेळा जमतच नाही. आणि पिण्याचं नसलेलं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये असं कधीच भरू नका.

हवा काढली आणि परत परत होतंय, तर टाकीच्या आउटलेटजवळ उभा उघडा पाइप आहे का बघा, टाकीच्या वरपर्यंत गेलेला, हवा सुटायला असतो तो. नवीन टाकी बसवताना तो बरेचदा वगळतात. टाकीतलं पाणी फार खाली गेल्यावर आउटलेटला भोवरा होऊनही हवा शिरते.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर पाइपाचा साइज, आणि हा विषय जरा नीट समजून घ्या कारण याचा खर्च मोठा असतो. जुनी लोखंडी अर्धा इंच लाइन काढून सीपीव्हीसीची (प्लास्टिकची) अर्धा इंच टाकली, प्लंबर म्हणतो साइज तोच आहे. नावाने तोच. पण मध्यम जाडीच्या अर्धा इंच लोखंडी पाइपाचं आतलं भोक साधारण १६ मिलिमीटर आणि अर्धा इंच सीपीव्हीसीचं साधारण १२.४, म्हणजे पाणी जायची जागा सुमारे ४० टक्के कमी झाली. जुना पाइप गंजून आतून भरलेला असतो तेव्हा नवीन बारीकही चांगला वाटतो, पण जुना धड असेल तर फरक जाणवतोच. आणि भोक लहान होईल तसं घर्षण साधारण पाचव्या घातात वाढतं, भोक निम्मं केलं आणि पाणी तेवढंच पाहिजे असेल तर दाबाचं नुकसान जवळजवळ ३२ पट. म्हणून टाकीवरून येणारी मुख्य लाइन १ इंच किंवा जास्त, बाथरूमपर्यंत पाऊण इंच, आणि शेवटचा नळापर्यंतचा छोटा तुकडा फक्त अर्धा इंच, असं ठेवलं की एकाच वेळी दोन नळ चालतात. दर एल्बोने साधारण अर्धा मीटर जास्तीच्या पाइपाइतका अडथळा येतो, तर उगाच वळणं घेतलेली लाइन लांब पडते ती अशी.

पीपीआर पाइप असेल तर आणखी एक गोष्ट. हे सांधे २६० अंशाला वितळवून जोडतात, २० मिलिमीटरच्या पाइपाला ५ सेकंद, २५ ला ७ सेकंद एवढंच तापवायचं असतं. जास्त तापवलं किंवा जोर लावून खोल घुसवलं तर वितळलेलं प्लास्टिक आत कडी करून बसतं आणि भोक जवळजवळ बुजतं, बाहेरून सांधा मात्र सुंदर दिसतो. हे साफ होत नाही, तो सांधा कापूनच काढावा लागतो. सीपीव्हीसीत सांधा चिकटवायचं सोल्युशन भसाभस लावलं तर तेही आत साचतं. एकाच ठिकाणानंतरचे सगळे नळ मेलेत आणि त्याच्या आधीचे ठीक आहेत, तर मधल्या सांध्यावर संशय घ्या, आणि तेवढीच एक टाइल काढा, पूर्ण भिंत नाही.

भिंतीत गळती आहे का हेही बघा. सगळे नळ बंद करून, टाकी भरत नसताना, मीटर असेल तर त्याचा काटा बघा, फिरतोय म्हणजे कुठेतरी पाणी जातंय. मीटर नसेल तर टाकीत येणारं पाणी बंद करून रात्री पातळीवर खूण करा, सकाळी बघा. जेट स्प्रेचा कॉक चालू ठेवून नुसता खटका बंद ठेवायची सवय असेल तर तीही बंद करा, पाइप सतत दाबाखाली राहून फुटतो.

पंप आधीपासून असेल आणि काम झाल्यावर तो कमी मारतोय, तर त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवा. प्रेशर टँकवाला असेल तर वीज बंद करून, नळ सोडून दाब शून्यावर आणून, टँकमधल्या हवेचा दाब मोजा, तो पंप ज्या दाबाला चालू होतो त्यापेक्षा साधारण ०.२ बार कमी पाहिजे. नवीन फिल्टर किंवा सॉफ्टनर (पाण्यातला क्षार कमी करणारा) बसवला असेल तर त्याचा बायपास उघडून एकदा बादली मोजा, फरक पडला की उत्तर मिळालं, फिल्टरचं काडतूस बदला किंवा मोठा साइज घ्या.

प्लंबरला परत बोलवायची वेळ आली तर तो बादलीचा कागद त्याच्या हातात द्या आणि कुठल्या पायरीपर्यंत तपासलं ते सांगा, म्हणजे 'पंप लावा' वरून बोलणं सुरू होणार नाही. आणि काम अजून चालू असेल, टाइल लागायच्या असतील, तर प्रत्येक तोंडाला प्लग लावून लाइन कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाला तपासून घ्या, मग प्लग काढून प्रत्येक तोंडातून बादली भरून सेकंद लिहा, पाइप कुठून कुठे गेलेत त्याचे फोटो मोजायची टेप लावून काढा, आणि मगच सिमेंट कालवायला सांगा.